पंढरीची दोन कोरडी वर्षं

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून घेतलं आहे.)



आज मला कीर्तनाला उभं केलेलं नाही, भाषणाला उभं केलंय. पाठीमागं टाळ नाही, चाल धरणारं कुणी नाही, त्यामुळं चुकलो तर सावरणारंही कुणी नाही. कमिटीनं विषय दिला, "कोरोनातली वारी". सकाळपासून त्यावर दोघं-तिघं बोलून गेले. घरात बसून वारी कशी केली, अंगणात प्रदक्षिणा कशा घातल्या, टीव्हीवर पूजा बघताना डोळ्याला पाणी कसं आलं. ते सगळं खरं आहे, माझ्याही डोळ्याला आलं. पण मी त्या वाटेनं जात नाही. मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. मला हिशोबाचं बोलायचंय. आपण गेलो नाही, तेव्हा तिकडं पंढरपुरात कुणाच्या चुलीत काय शिजलं, ते बोलायचंय. कारण त्याचा संबंध उद्याच्या बैठकीत जो विषय येणार आहे त्याच्याशी आहे. तो शेवटी सांगतो.

आधी पोरांसाठी तारखा सांगतो. जी पोरं तेव्हा पाचवी-सहावीत होती ती आज टाळ वाजवतात, त्यांना कुठलं आठवायला.

2020 च्या 17 मार्चला विठ्ठलाचं मंदिर दर्शनाला बंद झालं. आत काकड्यापासून शेजारतीपर्यंत नित्योपचार चालू होते, पण भाविक नाही. पाठोपाठ टाळेबंदी लागली आणि चैत्री गेली. आषाढी 1 जुलैला होती. मानाच्या नऊ पालख्यांच्या पादुका आदल्या दिवशी एसटीत बसवून पंढरीला नेल्या, एका पालखीबरोबर वीस माणसं. मुख्यमंत्र्यांच्या पूजेला मानाचा वारकरी दर्शनाच्या रांगेतून निवडतात, पण त्या वर्षी रांगच नव्हती. म्हणून मंदिरात विणा घेऊन पहारा देणाऱ्या विणेकऱ्यालाच तो मान दिला. पुढं 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देऊळ उघडलं, पण दहा दिवसांवर कार्तिकी होती आणि तिला बाहेरच्या माणसाला बंदी. 2021 च्या माघीला परत दार लावलं. एप्रिलच्या 5 तारखेपासून तर सगळंच बंद, त्यात चैत्री बुडाली. जुलैमध्ये आषाढी आली ती पुन्हा एसटीतनं. घटस्थापनेला, 7 ऑक्टोबरला, दारं उघडली. कार्तिकीला परवानगी मिळाली, तर एसटीचा संप! देव मोकळा झाला तर गाडी अडकली. 2022 च्या गुढीपाडव्याला पायावर डोकं ठेवायला मिळालं आणि 10 जुलैची आषाढी पहिल्यासारखी भरली.

आता बोटं मोजा. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी, परत चैत्री, परत आषाढी. ओळीनं सहा वाऱ्या बुडाल्या आणि सातवी अर्धी झाली.

आपण शेतकरी आहोत. खरीप गेला तर रब्बीवर भिस्त ठेवतो. एक साल गेलं तर सोनं गहाण टाकतो, दुसरं गेलं तर जनावर विकतो. लागोपाठ सहा हंगाम गेले तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. माझ्या मते पंढरपूर हे जिरायत गाव आहे. तालुक्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, कासेगावकडं द्राक्षं आहेत, हे मला माहीत आहे. मी ते म्हणत नाही. मी म्हणतो महाद्वारापासून घाटापर्यंत, चौफाळ्यापासून प्रदक्षिणेच्या वाटेनं जे बसलेत, त्यांचं. त्यांचं सगळं पीक आपल्या पावलांवर येतं. लाखभर वस्तीच्या गावात आषाढीला दहा-बारा लाख माणूस उतरतं. तो त्यांचा मृग. कार्तिकी म्हणजे परतीचा पाऊस. माघी-चैत्री या हलक्या सरी. मध्ये एकादशीचे, सुट्टीचे शिंतोडे. त्यावर वर्ष काढायचं.

सरकारी कागदात याला धार्मिक पर्यटन म्हणतात. मला तो शब्द रुचत नाही. वारकरी काय हवा खायला जातो का? पण एक सांगतो, बत्ताश्याची कढई चढवणाऱ्याला आपल्याला कुणी पर्यटक म्हटलं काय आणि वारकरी म्हटलं काय, कढई आपण आलो तरच चढते.

त्या मार्चात काय झालं बघा. चैत्रीचा माल भरून झालेला होता. दुकानदार माल भरतो तो पतसंस्थेचं कर्ज काढून, नाहीतर व्यापाऱ्याकडनं उधारीवर. वारी झाली की फेडायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चुरमुरे सादळले. बत्तासे पावसाळी हवेला पाझरायला लागले. पेढ्याचं तर विचारूच नका. कुंकू, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन नासत नाही, पण त्यात पैसा गाडला जातो, आणि गाडलेल्या पैशावर व्याज उगवतं. दुकानाचा गाळा भाड्याचा असला तर ते भाडं वेगळं. ज्याचं दुकान स्वतःचं, वर दोन खोल्या, गावाबाहेर चार एकर ऊस, तो तगला. मोठ्या लॉजवाल्यानं दोन वर्षं कुलूप लावलं, कर्ज वाढलं, पण इमारत कुठं जात नाही. खरा मोडला तो फळकुटावर बसणारा, पाटीवाला, फिरता. टांगेवाले आधीच रिक्षांनी कमी केलेले, उरलेसुरले होते त्यांचं तर नवलच. माणूस अर्धपोटी राहतो, घोड्याला टाळेबंदी समजावून सांगता येत नाही.

माळेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं बसलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात ती आहे. तुळशीची माळ करणारा काशीकापडी समाज पंढरपुरात आहे. वाळलेली तुळशीची काष्ठं आणायची, तोडायची, मणी उतरायचे, भोकं पाडायची, दोऱ्यात ओवायची. घरातलं लहानथोर त्यात असतं. आसपासच्या गावांतले शेतकरी तुळस लावतात, म्हणजे त्यांचंही त्यात पोट. एकशेआठ मण्यांची माळ आपण हातात घेतो आणि "केवढ्याला देता?" म्हणून दहा रुपये पाडून मागतो. एकशेआठ वेळा सुई आत-बाहेर झाली, ते आपल्या ध्यानात येत नाही.

मी ज्यांच्याकडनं माळा घेतो त्या बाई 2022 च्या आषाढीला भेटल्या. मी विचारलं, "बाई, माळ काही नासत नाही, मग दोन वर्षांत केलेल्या माळा आता खपतील की?" त्या म्हणाल्या, "माळ नासत नाय महाराज, करून ठिवली तर मस्त ऱ्हाईल. पण करायला लाकूड इकत आणायचं, दोरा आणायचा. पैसं कुठलं? आन् केलेली ठिवायची कुठं, पोटात?" त्यांचा थोरला मुलगा मणी उतरायला बसायचा. तो पुण्याकडं एका कंपनीत हमालीला गेला तो गेलाच. आता दर महिन्याच्या महिन्याला पगार येतो म्हटल्यावर तो परत या कामाला कशाला बसेल? मी त्याला दोष देत नाही. पण हाताचं काम असं एका पिढीत सुटलं की ते शिकवायला शाळा नसते. आपल्या पखवाजाच्या पुड्या करणाऱ्या घरातही हेच ऐकलं. सप्ताह बंद, दिंड्या बंद, पखवाज खुंटीला, मग पुडी कोण बदलणार.

चंद्रभागेतल्या होडीवाल्या कोळी बांधवांचं तर दुहेरी झालं. उन्हाळाभर यात्रेकरू नाही म्हणून होड्या वाळूवर उपड्या. आणि त्याच साली, ऑक्टोबर 2020 मध्ये, भीमेला महापूर आला. कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं दगावली. घाटाच्या कडेच्या वस्तीत पाणी शिरलं. म्हणजे आधी दुष्काळ आणि त्याच वर्षी ओला दुष्काळ. आपल्याकडं सोयाबीन काढणीला आलेलं पाण्यात गेलं, ते आपल्याला आठवतं. त्यांचं आपल्याला पेपरात वाचून कळलं.

इथं मला एक फरक दिसतो तो बोलतो. आपल्यावर दुष्काळ आला की तलाठी येतो, आणेवारी लागते, पंचनामा होतो. मदत पुरत नाही, वेळेवर येत नाही, सगळं मान्य. पण निदान कागद होतो. "याचं इतकं गेलं" असं कुणीतरी लिहून घेतं. बुक्क्याच्या दुकानाचा पंचनामा कोण करणार? होडीची आणेवारी कशी लावणार? रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, त्यानं लोक जगले, हे मान्य केलं पाहिजे. मठांनी, दानशूरांनी अन्नदान केलं. फेरीवाल्याला दहा हजारांचं कर्ज द्यायची योजना आली. चांगली होती, पण गिऱ्हाईकच नाही तर दहा हजारांचा माल भरून तो विकायचा कुणाला? कर्जाचे हप्ते सहा महिने थांबवायची सवलत दिली, व्याज मात्र थांबलं नाही. आपल्या गावात ट्रॅक्टरवाल्यांनी ती सवलत घेतली त्यांना विचारा, ते सांगतील.

यावरनं कुणी असं समजू नका की वारी बंद केली ते चूक झालं, असं मी म्हणतोय. नाही. तेव्हा काही मंडळींनी पायी जायचा आग्रह धरला. त्यांची निष्ठा मोठी, पण माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही वेगळं आहे. लाखो माणूस एका तंबूत झोपणार, एका पातेल्यातनं पाणी पिणार आणि तिथनं हजार गावांत परत जाणार. माझे आजोबा सांगायचे, वारीत पटकी यायची. त्यांच्या वेळी पटकीची सुई टोचून घेतल्याशिवाय पुढं सोडत नसत. तेव्हा रोगराई आणि वारी यांची गाठ काही नवी नाही. दार लावलं ते बरोबर केलं. एवढंच मनाला लागलं की, 2021 च्या 5 एप्रिलला देवळाचं दार लागलं आणि 17 एप्रिलला त्याच गावात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. त्याआधी सभा भरत होत्या. म्हणजे रोगाला वारकरी दिसतो आणि मतदार दिसत नाही! हसू नका. चला, तो विषय माझा नाही.

आपल्या वाटेवरच्या गावांचं थोडक्यात बोलतो. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. तिथंही चहावाला, उसाच्या रसवाला, पाण्याचा टँकर, मंडपवाला, आचारी, ट्रकवाला, सगळ्यांचे ते पंधरा-वीस दिवस गेले. पण त्या गावांना वारी म्हणजे वर्षातला एक दिवस. तिथले लोक आपल्याला वाढतात, घेत नाहीत. आम्हा कीर्तनकारांचंही चैत्र-वैशाखातले सप्ताह गेले. माझं शेत आहे म्हणून भागलं. ज्या पोरांचं फक्त मृदंगावर पोट होतं त्यातली काही जणं भाजीच्या गाडीवर बसली. ती पोरं गुणी, पुन्हा उभी राहिली.

आता पंढरपूरचे लोक आपल्याला लुटतात, हे वाक्य. हे मी लहानपणापासून ऐकतोय, दर वारीला ऐकतोय. एकादशीला खोलीचं भाडं पाचपट, पाण्याची बाटली जादा दराची, चुरमुऱ्याचं माप बारीक. यात खोटं काही नाही. काही जण लुटतातच. प्लॅस्टिकचे मणी रंगवून तुळशीची माळ म्हणून गळ्यात घालणारे मी स्वतः पाहिलेत, त्यांना क्षमा नाही. पण पाचपट भाडं घेणारा उरलेले साडेतीनशे दिवस ती खोली कुणाला देतो? रिकामी असते. आपण ज्वारी सुगीला विकतो की भाव चढल्यावर विकतो? ज्याचं वर्ष पंधरा दिवसांत पिकतं, त्यानं ते पंधरा दिवसांत काढून घ्यायचं नाही तर कधी? 2022 ला भाव चढले तेव्हा आपल्याच ट्रकमध्ये बडबड झाली, "दोन वर्षांचं एकदम वसूल करायला बसलेत." अहो, वसूल केलं असेल! दोन वर्षांची उधारी डोक्यावर घेऊन बसलेला माणूस तो. व्यापाऱ्यानं मागची बाकी फेडल्याशिवाय नवा माल दिला नाही, असं मला एका दुकानदारानं सांगितलं.

आता आपल्या वाड्याचं. दिंडीची माणसं तीन पिढ्या ज्या वाड्यात उतरतात, तो वाडा सगळ्यांना माहीत आहे. आषाढीला आजी अख्खा वाडा आपल्या हवाली करतात आणि स्वतः घरच्यांसह माळ्यावर जातात. आपल्या दोनशे माणसांच्या वावरण्यानं फरशी फुटते, नळ तुटतो, हौद रिकामा होतो, आणि आजी द्वादशीला वर पुरणपोळी वाढतात. त्या भाड्यावर घरपट्टी, डागडुजी, नातवंडांच्या फिया. 2020 ला आपण गेलो नाही. पुराचं पाणी वाड्याच्या जोत्यापर्यंत आलं. आजींनी एका शब्दानं काही मागितलं नाही. तेव्हा आपल्या बैठकीत विषय निघाला, भिशीत शिल्लक आहे त्यातनं वाड्याचं भाडं पाठवायचं का? निम्मे लोक म्हणाले, "राहिलोच नाही तर भाडं कसलं?" ऐकायला बरोबरच वाटतं. बराच वाद झाला. शेवटी आपले कैलासवासी विणेकरी बाबा, जे कधी बैठकीत तोंड उघडत नसत, ते बोलले, "पाऊस पडला नाही म्हणून सालगड्याचं साल बुडवतो का आपण?" मग कुणी काही बोललं नाही. पूर्ण भाडं गेलं, दोन्ही वर्षं गेलं. हिशोबाच्या वहीत 2020 आणि 2021 ची पानं बघा. मुक्कामांच्या रकान्यात काही नाही. खर्चाच्या रकान्यात एकच ओळ आहे, वाड्याचं भाडं. शंभर वर्षांच्या वहीत मला ती दोन पानं सगळ्यात भरलेली वाटतात.

आता उद्याच्या बैठकीचा विषय. आपल्या तरुण मंडळींनी ठराव मांडलाय की वाडा सोडावा आणि नदीपलीकडं 65 एकरात, भक्तिसागरात, जागा घ्यावी. तिथं दिंड्यांना प्लॉट मिळतात, पाणी आहे, लाइट आहे, संडास आहेत, ट्रक आत नेता येतो. पैसे वाचतात. स्वयंपाकाचं सामान, प्रसादाचं सामान सगळं इथनंच होलसेलमध्ये भरून न्यावं, म्हणजे तिथं भाव करत बसायला नको, असंही त्यात आहे. पोरांनी हिशोब नीट केलाय, मी वाचून घेतलाय. त्यांच्या मनात वावगं काही नाही. आणि दिंडी आता वाड्यात मावत नाही हे मलाही दिसतं. बायामाणसांची संडासाची अडचण होते, ती वाड्यात सुटणारी नाही.

माझं म्हणणं एवढंच की, 65 एकरात तंबू ठोका, पण वाडा सोडू नका. म्हाताऱ्या माणसांची सोय आणि विण्याचा पहारा वाड्यात ठेवा. भाडं ठरलंय तेवढं पूर्ण द्या. आणि होलसेलची ती कलमं ठरावातनं काढा. गहू, तांदूळ, तेल इथनं न्यायचं ते आपण नेतोच. पण चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का, माळ हे पंढरीचं पीक आहे. ते बाहेरनं भरून पंढरीत न्यायचं आणि परत येताना गावात पंढरीचा प्रसाद म्हणून वाटायचं, हे मला तरी जमणार नाही. गाडी करून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारे आता वाढलेत. त्यांचा पाय महाद्वाराच्या बाजारात पडतच नाही, बाहेरच्या रस्त्यानंच परत. त्यांना आपण काही सांगू शकत नाही. दिंडीला सांगू शकतो.

दुसरं, भिशीत माणशी वीस रुपये जादा घ्यावेत आणि ते वेगळ्या नावानं पतपेढीत ठेवावेत. परत कधी असं साल आलं, रोगाचं म्हणा, पुराचं म्हणा, तर ज्यांच्याकडनं आपण वर्षानुवर्षं घेतो त्या चार-पाच घरांना त्यातनं पाठवता येईल. त्यांची नावं मी लिहून कमिटीकडं दिलीत. रक्कम फार होणार नाही. पण 2020 ला शिल्लक होती म्हणून आपण देऊ शकलो, शिल्लक नसती तर विणेकरी बाबांचं बोलणंही हवेत गेलं असतं. यावर उद्या ज्यांना विरोध करायचाय त्यांनी मोकळेपणानं करावा, मला राग नाही. फक्त हिशोबाची वही समोर ठेवून करावा.

यंदाच्या आषाढीचं दोन शब्द सांगून बसतो. माळा पाहिजेत त्यांनी आकडा आठ दिवस आधी चोपदारांकडं द्यावा, म्हणजे त्या बाईंना निरोप जाईल आणि त्यांना लाकूड आणायला आगाऊ रक्कम देता येईल. पखवाजाची पुडी बदलायचीय किंवा शाई भरायचीय त्यांनी पखवाज इथं कुणाला न देता ट्रकमध्ये टाकावा, तिकडंच काम करून घेऊ. आणि प्रसादाची खरेदी दशमीला उरकायची. द्वादशीला परत निघताना भाव पाडून मागायची आपली सवय त्यांना पुरेपूर माहीत आहे.

रामकृष्ण हरी.